नकाशात आमचा तालुका केवढा दाखवायचा?

जांबोटी_मास्तर

खानापूर तालुक्यात हायस्कूलला भूगोल शिकवतो, अठरा वर्षं झाली. गेल्या महिन्यात नववीच्या वर्गात एक उपक्रम केला. तेव्हापासून डोक्यातून जात नाही म्हणून इथं मांडतोय. थोडं लांबेल, पण वाचा आणि आपापल्या गावचं लिहा ही विनंती.

बेळगाव जिल्ह्याचा नकाशा आमच्या वर्गात भिंतीला टांगलेला आहे. १३,४१५ चौरस किलोमीटर. त्यात आमचा खानापूर खाली डावीकडे चांगला ऐसपैस, हिरवागार. बेळगाव तालुक्यापेक्षा पुष्कळ मोठा. मुलांना आपला तालुका मोठा दिसला की बरं वाटतं.

मी सगळ्यांना आलेखवही काढायला लावली. एक चौकोन म्हणजे दहा हजार माणसं. २०११ च्या जनगणनेला जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ होती, म्हणजे ४७८ चौकोन. ते तेव्हाच्या दहा तालुक्यांत वाटायचे. अट एकच, शेजारी शेजारीच राहिला पाहिजे. आकार वेडावाकडा झाला तर होऊ दे. बेळगाव तालुक्याच्या वाट्याला पंचाण्णवच्या आसपास चौकोन आले, चिकोडी आणि गोकाकला साठ-एकसष्ट, खानापूरला सव्वीस.

भीमगडच्या जंगलातल्या एका वाडीतली मुलगी आमच्याकडे वसतिगृहात राहून शिकते. तिनं हिरवा खडू घेतला आणि खानापूर रंगवायला लागली. दोन मिनिटांत संपलं. वहीकडे बघत म्हणाली, "सर, एवढाच?"

मग मी दुसरा नकाशा काढायला लावला. आता चौकोन माणसांचे नाहीत, मिनिटांचे. आपल्या घरातून निघून जिथं डॉक्टर बसलेला असतो अशा दवाखान्यात पोचायला किती वेळ लागतो? दहा मिनिटांना एक चौकोन. खानापूर गावातल्या पोरांचा एक, फार तर दोन चौकोन. या मुलीनं लिहायला घेतलं, थांबली आणि विचारलं, "सर, पावसाळ्यातलं लिहू की उन्हाळ्यातलं?"

अठरा वर्षांत मला हा प्रश्न सुचला नव्हता.

या उपक्रमाची कल्पना माझी नाही. डॅनी डॉर्लिंग हे इंग्लंडमधले भूगोलतज्ज्ञ, सध्या ऑक्सफर्डला प्राध्यापक आहेत. आयुष्यभर त्यांनी एकच काम लावून धरलं आहे: विषमता नकाशावर दिसली पाहिजे. २००६ च्या सुमाराला ते शेफिल्ड विद्यापीठात होते. तेव्हा त्यांनी मिशिगन विद्यापीठाच्या मार्क न्यूमन यांच्यासोबत आणि इतर सहकाऱ्यांसोबत 'वर्ल्डमॅपर' नावाचा नकाशासंग्रह उभा केला. त्यात देशाचा आकार जमिनीवरून ठरत नाही. विषय डॉक्टर असेल तर ज्या देशात डॉक्टर जास्त तो देश फुगतो. विषय मलेरिया असेल तर आफ्रिका एवढी सुजते की बाकीचं जग तिच्या कडेला दोऱ्यासारखं लोंबतं. असे शेकडो नकाशे आहेत. एकामागून एक बघत गेलं की पोटात कालवतं, कारण एका नकाशात जो देश गलेलठ्ठ असतो तोच पुढच्या नकाशात नाहीसा होतो.

मला विचारायचंय ते असं. आपल्या सीमाभागाचा असा नकाशा काढायचा ठरवला तर चौकोन कशाचे घ्यायचे? पाण्याचे? रस्त्याचे? पगाराचे? तुम्ही राहता तिथं कुठली गोष्ट मोजली म्हणजे खरं चित्र दिसेल?

---

शहापूर_ते_डेल्फ्ट

मास्तर, फार चांगला धागा. माझं बालपण बेळगावच्या शहापुरात गेलं, आता नेदरलँड्समध्ये नकाशांच्या सॉफ्टवेअरवरच काम करतो, म्हणून थोडी तांत्रिक भर घालतो.

तुमच्या मुलांनी आलेखवहीवर जे केलं ते संगणकाकडून नीट करून घ्यायला लोकांना बरीच वर्षं लागली. आधीच्या पद्धतींत एकतर देश ओळखू येत नसत, नाहीतर शेजारी तुटून लांब जात. डॉर्लिंग यांनी स्वतः प्रत्येक भागाला एक वर्तुळ देऊन ती वर्तुळं एकमेकांना ढकलत जागेवर बसवायची रीत काढली होती. २००४ मध्ये मायकेल गॅस्टनर आणि मार्क न्यूमन यांनी पदार्थविज्ञानातून उत्तर आणलं. पाण्यात शाईचा थेंब टाकला की शाई दाट जागेकडून विरळ जागेकडे पसरत जाते, सगळीकडे सारखी झाली की थांबते. लोकसंख्येची दाटी तशीच पसरू द्यायची आणि तिच्यासोबत सीमारेषाही वाहू द्यायच्या. दाटी सारखी झाली की नकाशा तयार. देश सुजतो, आकसतो, पण शेजार तुटत नाही.

तुमच्या दुसऱ्या नकाशाचंही जगभराचं काम झालंय. २०१८ मध्ये संशोधकांच्या एका गटानं सगळ्या पृथ्वीचे एक-एक किलोमीटरचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातून जवळच्या शहराला पोचायला किती वेळ लागतो हे मांडलं. श्रीमंत देशांतली सुमारे ९१ टक्के माणसं शहरापासून तासाभराच्या आत राहतात. सर्वांत गरीब देशांत हा आकडा ५१ टक्क्यांवर येतो. त्यात रस्ता, नदी, डोंगर, जंगल सगळं धरलेलं आहे. तुमच्या विद्यार्थिनीनं विचारलेला पावसाळा मात्र असल्या जागतिक नकाशांत नीट धरता येत नाही. ओढ्याला पाणी आलं की तो रस्ता तीन महिने रस्ताच नसतो, हे उपग्रहाला कुठून कळणार?

---

उद्यमबाग_लेथवाला

मास्तर, रागावू नका, पण मला हे फुगवलेले नकाशे पटत नाहीत. माझ्या मुलाला दाखवले तर त्याला इटलीसुद्धा ओळखता आली नाही. माणसाला आधी आपलं गाव कुठं आहे ते दिसलं पाहिजे, मगच तो पुढचं वाचेल. साध्या नकाशावर गडद-फिका रंग दिला तर काय बिघडतं?

दुसरं, आकडे २०११ चे. तेव्हापासून आमच्या भागात किती माणसं आली, किती पोरं पुण्याला, गोव्याला गेली! कित्तूर, निपाणी, कागवाड, मूडलगी असे नवे तालुके झाले. जुन्या मापानं नवा सदरा शिवल्यासारखं होतंय.

---

जांबोटी_मास्तर

लेथवाले, रागावतो कशाला, दोन्ही मुद्दे रास्त आहेत. पुढच्या जनगणनेची तारीख १ मार्च २०२७ ठरलीय. तोवर जुन्यावरच भागवायचं आहे.

साध्या नकाशाबद्दल सांगतो. गडद रंग दिला की डोळा मोठ्या तुकड्याकडे जातो. खानापूरच्या जंगलात माणूस विरळ, पण रंग दिसणार सगळ्यांत जास्त. शहापूर-वडगावच्या दाट गल्ल्यांत लाखभर माणसं असतील तरी नकाशावर तो टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. तो कितीही काळा केला तरी कुणाला दिसणार? म्हणून मी दोन्ही नकाशे शेजारी-शेजारी टांगले आहेत. आधी ओळखीचा, मग सुजलेला.

---

वडगावची_लेक

मास्तरांनी वडगावचं नाव घेतलं म्हणून लिहिते. आमचं घर मागवाल्यांचं. लहानपणी झोप लागायची ती मागाच्या खटक्यावर, खटका बंद पडला की जाग यायची.

आमच्याकडचा नकाशा पाण्याचा काढा. शहराला पाणी राकसकोप आणि हिडकल या धरणांतून येतं, सगळ्यांना एकच. २००८ च्या सुमाराला बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी शहरांत प्रत्येकी थोड्या भागाला चोवीस तास पाणी द्यायचा प्रयोग झाला, शहराच्या साधारण दहाव्या हिश्श्याला. त्या भागात माझी मावशी राहायची. तिच्याकडे गेलं की मी नळ उगीच सोडून बघायची. आमच्या गल्लीत पाणी आठवड्यातून एकदा, कधी दहा दिवसांनी. रात्री दोनला आलं तर दोनला उठायचं. आई पहिली घागर भरायच्या आधी नळाला तोंड लावून वास घ्यायची, गटाराचा वास आला की पहिल्या चार घागरी मोरीत. बॅरल, पातेली, शेवटी डब्याची झाकणंसुद्धा भरून ठेवायची.

मावशीचं घर आमच्यापासून रिक्षानं वीस मिनिटं. जिल्ह्याच्या आकड्यात दोघींच्या घरी 'नळजोडणी आहे' असंच लागणार.

---

शहापूर_ते_डेल्फ्ट

ताई, तुम्ही जे लिहिलंय तेच या विद्येचं मूळ आहे. चार्ल्स बूथ नावाचा जहाजांचा व्यापारी होता. लंडनमध्ये गरिबी वाढवून सांगतात अशी त्याला शंका होती, म्हणून त्यानं माणसं लावून घरन्‌घर माहिती गोळा केली. १८८९ मध्ये नकाशा छापला, त्यात प्रत्येक गल्लीला रंग. श्रीमंताला पिवळा, मध्यमवर्गाला लाल, तिथून उतरत गरिबाला निळा आणि सर्वांत खालच्याला काळा. हिशेब केला तर लंडनची ३०.७ टक्के माणसं गरिबीत निघाली, त्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त. पिवळ्या हमरस्त्याच्या मागं एक वळण घेतलं की काळी गल्ली. शहराची सरासरी काढून हे कधीच दिसलं नसतं.

मोजायचा तुकडा बदलला की उत्तर बदलतं. भूगोलात या दुखण्याला स्वतंत्र नाव आहे आणि त्यावर रग्गड लिहिलं गेलंय. आकडे तेच, माणसं तीच, फक्त रेघा सरकवल्या की गरीब भाग श्रीमंत दिसायला लागतो.

---

येळ्ळूर_शिवार

डेल्फ्टवाले, ह्या दुखण्याला नाव असंल, आमाला ते सत्तर वर्सं म्हाईत हाय की वो. १९५६ ला राज्यं केली तवा जिल्हा धरून रेघा वडल्या. आमची मागणी पयल्यापासनं काय, तर खेडं हा घटक धरा. हद्दीचं भांडण मिटवायला नेमलेल्या पाटसकरांनी आंध्र आन् मद्रासच्या हद्दीत खेडंच धरलं हुतं न्हवं? भाषेचं भांडण बाजूला ठेवून सांगालोय, रेघ कुठं वडायची ह्येच्यावर माणसाचं पुढचं सगळं ठरतंय. दाखला कुठल्या भाषेत मिळंल, पोराला शाळा कुठली, रस्त्याला पैसा कोण दील. ह्ये आमच्याएवढं कुणाला कळणार?

---

जांबोटी_मास्तर

येळ्ळूरकर मामा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. उद्या वर्गात 'घटक' शिकवताना हाच दाखला देणार.

मामांच्या बोलण्याला जोडून, आपल्या राज्यात तालुका धरून एक मोठं काम झालेलं आहे. प्रा. डी. एम. नंजुंडप्पा यांच्या समितीनं २००२ मध्ये अहवाल दिला. शेती, उद्योग, रस्ते, बँका, शाळा, दवाखाने असे ३५ निकष घेऊन तेव्हाच्या १७५ तालुक्यांना गुण लावले. राज्याची सरासरी १ धरली. ११४ तालुके तिच्याखाली निघाले, त्यातले ३९ अतिमागास. तोवर 'उत्तर कर्नाटक मागास' एवढंच मोघम बोललं जायचं. दक्षिणेतलेही कितीतरी तालुके मागे आहेत हे त्यातनंच दिसलं. माझ्या मते हे काम डॉर्लिंग यांच्या जातीचंच आहे, फक्त त्याला चित्र नाही. तक्ते आहेत, आणि तक्ते कोण वाचतो?

---

कागवाडकर

तालुकासुद्धा मोठा पडतो मास्तर. आमचा जुना अथणी तालुका घ्या. कृष्णाकाठच्या गावांत २०१९ च्या ऑगस्टला पाणी माळ्यापर्यंत आलं. आम्ही म्हशी सोडून दिल्या आणि चार दिवस शाळेच्या गच्चीवर काढले. त्याच तालुक्यात तेलसंगच्या बाजूला वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी पुष्कळ, तिकडं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. दोन्हींची सरासरी काढली की तालुक्यात पाणी 'बरं' आहे! बुडणाराही गेला, तहानलेलाही गेला.

आणि पाणी मोजायचंच तर उसातलं मोजा. मी स्वतः ऊसवाला आहे, चार एकर आहे, म्हणून हे बोलायचा मला हक्क आहे. मुलगी कृषी महाविद्यालयात शिकते. तिनं सांगितलं की एक किलो साखरेमागं जगाच्या सरासरीनं सुमारे १,८०० लिटर पाणी लागतं, पावसाचं आणि पाटाचं मिळून. त्या रात्री मला झोप आली नाही. ट्रॉलीत मोळी चढवताना आपण पाणी चढवतोय असं वाटायला लागलं. साखर मुंबईला जाते, परदेशात जाते, तिच्याबरोबर आमची नदी जाते. जिथं चहात ती साखर पडते त्या गावच्या नकाशावर हे पाणी दिसतं का?

---

शहापूर_ते_डेल्फ्ट

काका, तुमच्या मुलीनं सांगितलेली मोजणी इथलीच. नेदरलँड्समधले आर्येन हुक्स्ट्रा यांनी २००२ मध्ये 'वॉटर फूटप्रिंट' ही कल्पना मांडली. तुम्ही विचारलेला प्रश्न हाच त्यांचा प्रश्न होता: वस्तू वापरणारा एका देशात, पाणी आटतं दुसऱ्याच्या विहिरीत.

शाश्वत विकासाची चर्चा इथं विषमतेला येऊन मिळते. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी १७ उद्दिष्टं ठरवली, त्यातलं दहावं विषमता कमी करण्याचं. बरेच जण ते वेगळ्या कप्प्यात टाकतात, पर्यावरण एकीकडे आणि गरिबी दुसरीकडे. डॉर्लिंग यांचं म्हणणं असं की हे कप्पे खोटे आहेत. श्रीमंत देशांची आपसांत तुलना केली तर जिथं उत्पन्नातली दरी मोठी तिथं कचरा, मांस, पाणी यांची उधळपट्टीही जास्त दिसते, असं ते मांडतात. दरी मोठी असली की वरच्याकडे बघून प्रत्येक जण खर्च वाढवतो. गरिबीवर काम करणारी ऑक्सफॅम आणि स्टॉकहोमची पर्यावरण संस्था यांनी २०२३ मध्ये हिशेब मांडला, त्यात २०१९ सालच्या कार्बन उत्सर्जनापैकी निम्मं जगातल्या वरच्या १० टक्के लोकांच्या नावावर निघालं.

---

उद्यमबाग_लेथवाला

ह्यावर थोडं अडतो. वीस-पंचवीस श्रीमंत देश घ्यायचे आणि दोन गोष्टी बरोबर वाढतात म्हणून एकीमुळे दुसरी असं म्हणायचं, हे मला घाईचं वाटतं. अमेरिकेत घरं लांबलांब आहेत, जपानमध्ये जागाच कमी आहे, त्याचाही परिणाम असणार. फाउंड्रीत कास्टिंग बिघडलं तर आम्ही एकदम वाळूला दोष देत नाही. एकेक कारण बदलून बघतो.

पण वरच्या दहा टक्क्यांचा आकडा वेगळा आहे. तो सरळ हिशेब आहे, तो मला पटतो.

---

शहापूर_ते_डेल्फ्ट

बरोबर आहे. या भागावर विद्वानांतही वाद आहे. नकाशा प्रश्न विचारायला शिकवतो, कारण शोधायला वेगळं काम करावं लागतं. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

---

अक्कोळची_सून

मी कधी लिहीत नाही, नुसती वाचते. पण बायकांच्या कामाचा नकाशा कुणीच काढला नाही म्हणून लिहायला बसले.

निपाणी म्हटलं की सगळ्यांना तंबाखूच्या वखारी आठवतात. वखारीत जाणारी बाई निदान मोजली तरी जाते. माझ्या सासूबाई घरी विड्या वळायच्या. सुपात पानं आणि तंबाखू, मांडीवर सूप, पाठ भिंतीला. सकाळचा स्वयंपाक झाला की बसायच्या ते दिवेलागणीपर्यंत. अंगठ्याचं नख झिजून अर्धं राहिलेलं. वळलेल्या विड्यांतल्या काही खराब म्हणून बाजूला काढायचे, त्यांचे पैसे नाहीत, पण विड्या परत मिळायच्या नाहीत. रात्री खोकला. घरी कुणी मोजायला आलं आणि विचारलं, 'बाई काय करतात?' तर सासरे सांगायचे, 'घरीच असते.' आणि तो लिहून घ्यायचा.

मास्तर, तुमच्या वहीत एक चौकोन हिच्यासाठी ठेवा. तास मोजा. सकाळी पाचपासून रात्री दहापर्यंत कोण किती राबलं ते प्रत्येक मुलानं आपल्या घरात बसून लिहू दे. मुलांनी आईला विचारायचं, बाबांना नाही.

---

जांबोटी_मास्तर

अक्का, हे मी या शनिवारीच करून घेतो. शब्द दिला.

आता एवढं ठरवू या. तिन्ही गोष्टी घेऊ: दवाखान्याला पोचायचा वेळ, नळाला पाणी किती दिवसांनी, आणि घरातल्या बाईचे कामाचे तास. घटक तालुका नाही, गावसुद्धा नाही. गल्ली नाहीतर वाडी. कुणाचंही नाव लिहायचं नाही. ज्यांना जमेल त्यांनी इथंच द्या, मी आलेखवहीवर चढवतो, डेल्फ्टवाले संगणकावर बसवतील. वेळेचे आकडे दोन द्या, उन्हाळ्याचा आणि पावसाळ्याचा.

---

वडगावची_लेक

वडगाव, आमची गल्ली. दवाखाना १५ मिनिटं, पावसात २५. पाणी गेल्या महिन्यात नऊ दिवसांनी आलं. आईचे तास उद्या मोजून सांगते, आज ती झोपली.

---

वाडीतला_एक

सर, मी तुमचाच जुना विद्यार्थी, २०१४ ची बॅच. आता गोव्यात हॉटेलात आहे, गावी रेंज नाही म्हणून इथनं लिहितोय. आमची वाडी, जंगलातली, अडतीस घरं. उन्हाळ्यात गाडीवरनं दवाखाना सव्वा तास. पावसाळ्यात ओढ्यावर साकव टिकला तर चार तास, त्यातले अडीच चालत. आजारी माणूस असला तर बांबूला घोंगडं बांधून आठ जण लागतात, चार उचलायला, चार पाळीला. आता वाडीत उचलणारे सहाच राहिलेत.

पाण्याचं लिहू का? नळ नाही, झरा आहे. तिथं दिवस कसे मोजायचे ते सांगा.